फेमटोलिटर तात्या

सांगलीत आजारी माणसाला भेटायला गेलेला पाहुणा तब्येत नंतर विचारतो, आधी "रिपोर्ट काय म्हणतोय?" असं विचारतो. मिरज शेजारीच आहे. १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी तिथं मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून या दोन गावांतल्या माणसाला दवाखान्याचं वावडं असं उरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत कुणाची अँजिओ कुणी केली आणि खरं तर कुणी करायला हवी होती, यावर दोन तट पडलेले असतात. अशा मुलखात दुसऱ्याचे रिपोर्ट वाचणारा माणूस दर सोसायटीत एक तरी निघणारच. आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत ते तात्या आहेत.

तात्या डॉक्टर नाहीत. त्यांची हयात स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका यांचे हिशेब तपासायचे, आक्षेप काढायचे आणि खुलासे मागवायचे. तात्या निवृत्त झाले, पण खुलासा मागवायची सवय काही पेन्शनीत निघाली नाही. सुरुवातीला त्यांनी सोसायटीचेच हिशेब हातात घेतले. एक चेअरमन बदलला, दोन सेक्रेटरी बदलले आणि शेवटी हिशेब इतके स्वच्छ झाले की तात्यांना वाचायला काही उरेना. त्याच सुमारास दाराखालून 'संपूर्ण शरीर तपासणी'ची पत्रकं सरकू लागली. एका सुईत सत्तर चाचण्या, रिपोर्ट मोबाइलवर, ज्येष्ठांना सवलत. तात्यांना नवीन दप्तर मिळालं.

रिपोर्ट हातात आला की तुम्ही-आम्ही ठळक छापलेले आकडे शोधतो आणि छातीत धस्स करून घेतो. तात्या ठळक आकड्यांकडे सर्वांत शेवटी येतात. आधी नाव, वय, लिंग. "वय सदुसष्ट लावलंय. तुम्हाला तर मार्चमध्ये अडुसष्ट पूर्ण झाली. मग हा रिपोर्ट नक्की कुणाचा?" त्यानंतर नमुना घेतल्याची वेळ, नमुना पोचल्याची वेळ, रिपोर्ट निघाल्याची वेळ. मग सही. सही छापील असली की एक "हं". एवढं झालं की खिशातून ती जुनी पेन्सिल निघते, एका टोकाला निळी आणि दुसऱ्या टोकाला लाल. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन यांच्यावरून निळी टिकली भराभर पुढे सरकते, कारण ते आकडे कुणालाही कळतात. पेन्सिल उलटी होते ती खाली, पानाच्या तळाशी. "मोठ्या रकमेत कुणी खात नाही हो," तात्या म्हणतात. "आम्ही कायम 'संकीर्ण' उघडून बघायचो. जे काही असतं ते संकीर्णात."

एमपीव्ही हे रक्ताच्या रिपोर्टातलं संकीर्ण आहे.

तात्यांची आणि त्याची गाठ पडली ती स्वतःच्याच रिपोर्टात. चिरंजीव बंगळुरूला असतात. त्यांनी वडिलांना वाढदिवसाची भेट म्हणून तपासणीचं पॅकेज पाठवलं. (पूर्वी मुलगे धोतरजोडी द्यायचे. असो.) रिपोर्ट तसा सभ्य होता. एकूण कोलेस्टेरॉल मात्र २४३. आणि रक्तपेशींच्या पानावर प्लेटलेटची संख्या दोन लाख सहा हजार, तिच्या खालच्या ओळीत एमपीव्ही १२.१ आणि पुढे एक छोटासा 'एच'. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलभोवती गोल काढला, रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली, तेल-तूप जपून म्हणाले, रोज चाला म्हणाले.

"आणि हे?" तात्यांनी 'एच'वर बोट ठेवलं.

"ते राहू दे तात्या. तिकडे लक्ष देऊ नका."

डॉक्टर तरुण. त्यांना काय कल्पना! 'तिकडे लक्ष देऊ नका' असं जिथं जिथं कुणी म्हणालं तिथंच खणायचं, एवढ्या एका तत्त्वावर ज्याने तीस-पस्तीस वर्षं पगार घेतला, त्याला ते हे वाक्य ऐकवून बसले. तात्यांनी त्याच रात्री पिवळ्या दोरीची नस्ती उघडली. विषय : एमपीव्ही १२.१ बाबत. गोळीची चिठ्ठी तिला जोडली आणि वर लाल पेन्सिलीने शेरा मारला, 'खुलासा प्राप्त होईपर्यंत प्रलंबित.'

त्यानंतर तात्या वाचत सुटले. इथं एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे, की या जातीची बरीच माणसं मोबाइलवर आलेलं काहीही पुढे ढकलून मोकळी होतात, तात्या तसले नव्हेत. ते मुळातून वाचतात. संध्याकाळी कट्ट्यावर ते जे सांगत त्यातलं बहुतेक सगळं खरं असे, आणि पंचाईत तिथंच होती, कारण खरं बोलणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं?

"एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान," तात्या सुरू करत. "माप फेमटोलिटर. एका लिटरचे, एकावर पंधरा शून्यं, इतके भाग करा. त्यातला एक भाग. चांगल्या माणसाची प्लेटलेट साधारण साडेसात ते साडेअकराच्या आत. लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे." हे मोजतं कसं, तर वॉलेस कूल्टर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५३ साली पेटंट मिळवलेली युक्ती अजून चालते. वीज खेळवलेल्या एका बारीक भोकातून पेशी एकेक करून जाऊ द्यायच्या. पेशी गेली की विजेला अडथळा होतो. अडथळे मोजले की संख्या कळते, आणि अडथळा किती मोठा यावरून आकार. तेव्हा एमपीव्ही हा काही डॉक्टरांनी मागवलेला आकडा नसतो. यंत्र प्लेटलेट मोजता मोजता आकारही टिपून ठेवतं आणि सीबीसीच्या रिपोर्टात फुकट छापून देतं. फुकट मिळालेल्या वस्तूचं सांगलीकर काय करतो हे सांगायला नको. तात्यांनी ती फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली होती.

वॉचमन हा त्यांचा सर्वांत निष्ठावान श्रोता, कारण त्याला जागा सोडून जाता येत नाही. त्याला तात्यांनी सांगितलं, "प्लेटलेट ही धड पेशी नव्हे. हाडाच्या आत मज्जा असते, मज्जेत मेगाकॅरिओसाइट म्हणून एक थोराड पेशी असते, तिचे हे तुकडे. आयुष्य सात ते दहा दिवस. रोजची आवक सुमारे शंभर अब्ज. इटलीत तुरिनला बिझोझेरो म्हणून होते. त्यांनी १८८२ साली हे तुकडे वाहत्या रक्तात पाहिले आणि रक्तवाहिनीला जखम झाली की हेच तिथं जाऊन चिकटतात हे दाखवून दिलं."

"मग बरंच की तात्या. रगात थांबतंय."

"बाहेर सांडत असेल तर बरं. आतल्या आत, हृदयाच्या नळीत थांबलं तर?" तात्या मग आवाज खाली घेत. "आता ऐक. मोठी प्लेटलेट म्हणजे बहुधा ताजी, नुकती मज्जेतून आलेली. नव्याने रुजू झालेल्या कारकुनासारखी. उत्साह दांडगा, खिशाला चार पेनं, साहेबांनी घंटी दाबायच्या आत हा उठून उभा. जुना कारकून बघ, आग लागली तरी आधी चहा संपवेल. मोठ्या प्लेटलेटमध्ये गुठळीचा माल जास्त भरलेला असतो आणि ती लवकर भडकते."

"आन् तुमची बारा."

"बारा पूर्णांक एक."

आता कोलेस्टेरॉल. रक्तात ते वाढलं की प्लेटलेटच्या आवरणातही त्याचं प्रमाण वाढतं आणि अशी प्लेटलेट थोड्याशा चिथावणीने चिकटायला बघते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांच्या प्लेटलेट सरासरीने मोठ्या असतात, असंही काही अभ्यासांत आढळलं. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला होता. झटक्यातून वाचलेल्या पुरुषांच्या प्लेटलेट मोजल्या, तर ज्यांच्या मोठ्या होत्या त्यांच्यात पुढे पुन्हा झटका येण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण जास्त निघालं. तात्यांनी हे तीन कागद एकापुढे एक लावले आणि निष्कर्ष काढला : २४३ आणि १२.१ यांचं संगनमत आहे.

डॉक्टरांकडे ते हा मसुदा टंकलिखित करून घेऊन गेले. डॉक्टर भले माणूस. बाहेर गर्दी असतानाही त्यांनी वाचला. म्हणाले, "तात्या, काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, सिगारेट, यांच्यासोबतही प्लेटलेट मोठ्या दिसतात, आणि कोलेस्टेरॉलही बहुतेकदा त्याच लोकांचं वाढलेलं असतं. मग कुणामुळे काय, हे कसं ठरवायचं? एमपीव्ही बघून मी गोळी देत नाही आणि एमपीव्ही बघून थांबवतही नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं."

"ऑडिटमध्ये दोन सह्या एकत्र दिसल्या की आम्ही तसंच धरायचो," तात्या म्हणाले. गोळी प्रलंबितच राहिली.

एका माणसाच्या आकड्यांवर आक्षेप टिकत नाही, नमुना मोठा पाहिजे, हे तात्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते दारोदार रिपोर्ट मागत हिंडू लागले. गणपतीच्या वर्गणीला जे दार तिसऱ्या बेलला उघडतं ते तात्यांना पहिल्या बेलला उघडे, कारण आपला रिपोर्ट कुणीतरी वाचावा ही भूक मोठी विलक्षण असते. बायकांनी लॉकरच्या पावत्यांखालून रिपोर्ट काढून दिले. एका गृहस्थांनी वारलेल्या वडिलांचा दिला. तात्यांनी चौकटी आखल्या : नाव, वय, कोलेस्टेरॉल, एमपीव्ही, शेरा. आणि मग सोसायटीत माणसांची ओळखच बदलली. "वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी" हे "ते अकरा पूर्णांक चारवाले" झाले. नरसोबाच्या वाडीहून कुणी कंदी पेढे आणले की डबा फिरताना तात्या नुसते मान वर करून बघत. बोलत काही नसत. पण "कोलेस्टेरॉल २३०, एमपीव्ही ११.८" अशा नजरेने कुणी बघितलं की माणूस उचललेला पेढा निम्मा करून परत ठेवतो, आणि निम्मा ठेवलेला पेढा पुढचा कुणी घेत नाही. भडंगाच्या पातेल्याभोवतीची मैफल मोडली. दोन नंबरच्या मजल्यावर मुलगी बघायला आलेल्या मंडळींना तात्यांनी पोह्यांच्या बशा येईपर्यंत मुलाच्या सीबीसीबद्दल विचारलं. ते स्थळ पुढे आलं नाही. मुलीने तात्यांना वाकून नमस्कार केला, यावरून तिला तिथं जायचं नव्हतं एवढं सगळ्यांना कळलं.

वॉचमन एकदा म्हणाला, "तात्या, समद्यांचं बघताय, माझं बी बघा की." त्याचा रिपोर्टच नव्हता, कधी काढलाच नव्हता. तात्यांनी स्वतःच्या खर्चाने काढून दिला. उपाशीपोटी साखर २८० निघाली. एमपीव्ही साडेनऊ. तात्यांनी साडेनऊ बघून खेदाने मान हलवली, मग साखर बघून चष्मा काढला आणि तसेच स्कूटरवर मागे बसवून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आज तो बरा आहे, चालतो, गोळ्या घेतो. त्याच्या वहीतल्या ओळीपुढे मात्र तात्यांचा शेरा अजून तसाच आहे : 'प्रकरणाशी संबंध नाही.'

सिद्धांताला खरा सुरुंग घरातून लागला. काकूंचं कोलेस्टेरॉल २६१ आणि एमपीव्ही ८.९. म्हणजे कोलेस्टेरॉल तात्यांच्या वरचढ, आणि प्लेटलेट मात्र बारीक, आटोपशीर. तात्यांनी रिपोर्ट पुन्हा काढायला लावला. पुन्हा तेच. काकू या बाबतीत अगदी थंड. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्या पहिल्या रात्रीपासून घेत होत्या, पाण्याचा एक घोट, गोळी, झोप. "तुमच्यासारखं मला नाही जमत बाई," त्या म्हणायच्या, "मला सांगितलं की मी घेते." तात्यांनी त्यांच्या ओळीपुढे लिहिलं, 'अपवादात्मक बाब, तूर्त प्रलंबित.' चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला प्रलंबित ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग बंगाली दादांचं प्रकरण झालं. सराफ कट्ट्यावर काम करणारे बंगाली कारागीर सांगलीला नवे नाहीत. आपल्या विट्या-आटपाडीचे गलाईवाले सोनं गाळायला देशभर जातात, आणि तिकडचे कारागीर घडवायला इकडे येतात. असे एक दादा आमच्या तळमजल्यावर भाड्याने राहायचे. पावसाळ्यात त्यांना ताप आला. रक्त तपासलं तर प्लेटलेट ब्याऐंशी हजार. सोसायटीत हाहाकार. डेंग्यू! कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी आणली, एकीने शेळीचं दूध कुठं मिळतं याची यादी ग्रुपवर टाकली. दादा पांघरुणातून सांगत होते, "काका, मला काय नाय झाला, खाली सर्दी हाय." कोण ऐकतो! दीड लाखाच्या खाली प्लेटलेट गेली की महाराष्ट्रात माणसाचं मत विचारात घेतलं जात नाही.

तात्या आले. नाव, वय, लिंग, वेळा, सही. सगळ्यांची बोटं ब्याऐंशी हजारावर होती. तात्यांचं बोट खालच्या ओळीवर जाऊन थांबलं. एमपीव्ही १३.६. त्यांच्या आयुष्यात पाहिलेला हा सर्वांत मोठा आकडा. चेहरा उजळला. "कोलेस्टेरॉल! यांचं कोलेस्टेरॉल किती?" तापाने फणफणलेल्या माणसाच्या पेटीतून विम्यासाठी काढलेला जुना रिपोर्ट बाहेर निघाला. कोलेस्टेरॉल १४८. तात्या तिथल्याच स्टुलावर बसले.

डेंग्यूची तपासणी नकारार्थी आली. डॉक्टरांनी काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगितलं, तर प्लेटलेट होत्या चांगल्या टपोऱ्या, काही तर तांबड्या पेशीएवढ्या. अशा थोराड प्लेटलेट यंत्राच्या मोजणीतून निसटतात, त्यांना ते दुसरंच काहीतरी समजतं, त्यामुळे आधीच कमी असलेली संख्या आणखी कमी छापली जाते. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी रक्त तपासलं होतं का? होतं. तेव्हाही कमीच. दात काढताना, कापलं-खुपलं तर जास्त रक्त जातं का? नाही. भावाचं? त्याचंही तसंच. मग डॉक्टर हसले. बंगाल आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात पुष्कळ धडधाकट माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असतात. 'हॅरिस प्लेटलेट सिंड्रोम' असं भारदस्त नाव असलं तरी तो आजार नव्हे. उपचार करायचा नाही, फक्त लक्षात ठेवायचं आणि पुढच्या डॉक्टरला सांगायचं, म्हणजे तो उगाच बाटल्या चढवत बसणार नाही. दादांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पपईच्या रसाची चव मात्र आठवडाभर गेली नाही.

सगळ्यांना वाटलं, तात्या आता खचणार. मोठी प्लेटलेट आणि कोलेस्टेरॉल यांची गाठ त्यांनी बांधली होती, आणि समोर सोसायटीतली सर्वांत मोठी प्लेटलेट सर्वांत गरीब कोलेस्टेरॉलच्या माणसाच्या अंगात निघालेली. पण रात्री नऊला आमची बेल वाजली. तात्या पायजम्यावर, हातात वही. "बसा, बसा. हे बघा. संख्या गुणिले आकार!" त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांच्या प्लेटलेटची संख्या आणि एमपीव्ही यांचा गुणाकार केला होता. ज्यांची संख्या जास्त त्यांचा आकार बहुतेक लहान, ज्यांची कमी त्यांचा मोठा. हेही खरं आहे आणि पुस्तकात आहे. शरीर नग मोजण्यापेक्षा एकूण माल राखण्याकडे बघतं. "नग कमी पडले तर वजन वाढवून भरपाई केली आहे," तात्यांचे डोळे भरून आले होते. "ताळमेळ लागतो हो. अगदी पैशापर्यंत नाही, पण लागतो. कुणीतरी वर बसून हे बघतंय." तात्या तसे देवभोळे नाहीत. पण त्या रात्री वर जो कुणी बसला असेल तो स्थानिक निधी लेखातला असणार, याबद्दल त्यांची खात्री पटलेली दिसली.

१२.१चा खुलासा मात्र अजून यायचा होता. तो आला तो अगदी अनपेक्षित टेबलावरून.

तात्यांच्या रिपोर्टात नमुना घेतल्याची वेळ सकाळी ७.१० होती आणि यंत्रावर लावल्याची दुपारी १.२५. ही तफावत त्यांनी पहिल्याच दिवशी टिपून ठेवली होती, पण ती कोलेस्टेरॉलच्या कामाची नव्हती म्हणून बाजूला पडली होती. आता दुसरं काही उरलं नाही तेव्हा ते लॅबमध्ये गेले. काउंटरमागे एक चुणचुणीत मुलगी होती. "सव्वासहा तास रक्त होतं कुठं?" तात्यांनी विचारलं. अशा आवाजात की बाहेर बसलेल्या दोघांनी उगाच आपले बूट नीट लावले.

"आजोबा, घरून घेतलेली सॅम्पल गोळा होऊन येतात. मग यंत्रावर लागतात. सीबीसीला तेवढ्याने काही बिघडत नाही."

"काहीच बदलत नाही?"

मुलगी प्रामाणिक निघाली. "एमपीव्ही बदलतो थोडा. जांभळ्या बुचाच्या बाटलीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. त्यात प्लेटलेट हळूहळू फुगतात. चपट्या असतात त्या गोल व्हायला लागतात. जितका वेळ जाईल तितका आकडा वर. म्हणून तर डॉक्टर तो फारसा धरत नाहीत."

तात्या काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बाही वर केली. रक्त तिथंच काढलं, तिथंच यंत्रावर लावलं, तात्या यंत्रापुढे उभे राहिले. एमपीव्ही १०.४. मर्यादेच्या आत. बाटली त्यांनी तशीच ठेवायला सांगितली आणि दुपारी येऊन पुन्हा लावायला लावली. ११.७. मुलीला त्यांनी 'बाळ' म्हणून वाडीचे पेढे आणून दिले, संपूर्ण, निम्मे न करता.

घरी येऊन नस्ती उघडली. 'सबब सदर परिच्छेद वगळण्यात येत आहे.' सही, तारीख. परिच्छेद वगळला म्हणजे नस्ती बंद, आणि नस्ती बंद करताना तिला जोडलेला एकूण एक कागद निकाली काढावा लागतो, हा नियम. त्यात डॉक्टरांची चिठ्ठी होती. २४३ काही ईडीटीएने फुगलेलं नव्हतं. ताज्या रक्तातही ते २४३च्या आसपासच निघालं होतं. एवढे महिने एका ठळक आकड्याची चौकशी करताना दुसरा ठळक आकडा, ज्याच्याबद्दल कुणालाच शंका नव्हती, तो तसाच पडून राहिला होता. काकूंनी काही न बोलता आपल्या पाकिटातली एक गोळी ताटलीत काढून ठेवली. "नावावर बघा," त्या म्हणाल्या, "तीच आहे. तेवढ्याच मिलीची."

गोळीबद्दलही तात्यांनी वाचलं, अर्थातच. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सहा हजारांवर बुरशी आणि तत्सम सूक्ष्मजीव एकेक करून तपासले, तेव्हा कुठे एका निळसर बुरशीत कोलेस्टेरॉल बनू न देणारं द्रव्य सापडलं, आणि त्यातून पुढे हा सगळा स्टॅटिनांचा वंश निघाला, हे कळल्यावर तात्यांचा विरोध मावळला. "सहा हजार नग तपासले," ते आदराने म्हणाले. "नमुना तपासणी नाही, पूर्ण तपासणी." दीड महिना नेमाने गोळी घेतली. पुन्हा रक्त दिलं. एकूण कोलेस्टेरॉल १७१. एलडीएल १६४.६चं ९८वर आलं. डॉक्टरांनी उठून हात मिळवला. काकूंनी मुगाचा शिरा केला, तुपाचा हात आखडता घेऊन. सोसायटीत भडंगाचं पातेलं पुन्हा बाहेर आलं, आणि बंगाली दादांनी सगळ्यांना रसगुल्ले वाटले, त्यावर तात्या चक्क म्हणाले, "घ्या, घ्या."

तो नवा रिपोर्ट कट्ट्यावर हातोहात फिरत होता. फिरत फिरत तात्यांकडे परत आला. त्यांनी सवयीने नाव, वय, लिंग बघितलं. वेळा बघितल्या. निळी टिकली मारत खाली येत गेले आणि चरबीच्या पानाच्या तळाशी थांबले. ट्रायग्लिसराइड १५५. त्याखाली व्हीएलडीएल ३१.

पेन्सिल हळूच उलटी झाली.

"जुना रिपोर्ट आणा," तात्या म्हणाले. काकूंनी आणला. ट्रायग्लिसराइड १८७. व्हीएलडीएल ३७.४.

"बरोबर पाचवा हिस्सा. दोन्ही वेळेला. दशांशापर्यंत!" त्यांनी वही उघडली. वॉचमन, कुलकर्णी, वारलेले वडील, सगळ्यांचं व्हीएलडीएल ट्रायग्लिसराइडच्या नेमकं एक पंचमांश. "इतका सारखा आकडा खऱ्या खर्चात कधी येत नाही. हा कुणीतरी टेबलावर बसून भरलाय."

भरलेलाच असतो, हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. व्हीएलडीएल बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागतात. आणि एकूणातून ते आणि एचडीएल वजा केलं की जे उरतं त्याला एलडीएल म्हणून छापतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड यांनी दिलेलं सूत्र. काम चालतं, डॉक्टरांना माहीत असतं, आणि ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की ते सूत्र वापरत नाहीत, तेव्हा एलडीएल थेट मोजतात. ज्या ९८साठी शिरा झाला, रसगुल्ले वाटले गेले, ते ९८ कुणी मोजलेलंच नव्हतं.

तात्यांनी डॉक्टरांना फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"नमस्कार. अंदाजपत्रकी रकमेबाबत बोलतोय."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हो, गोळी चालू आहे. ती बंद करायचा प्रश्न नाही. फक्त तुमच्याकडच्या पेशंटांचे रिपोर्ट मला कधी बघायला मिळतील, ते सांगा."

काकूंनी पिवळ्या दोरीचं बंडल कपाटातून काढून ठेवलं होतंच.